टेपचं दुसरं टोक

१

लोक मला आर्किटेक्ट म्हणतात तेव्हा मी लगेच ती चूक दुरुस्त करतो. मी रघुनाथ सावर्डेकर, ड्राफ्ट्समन. आर्किटेक्ट माझी बायको होती, सुलभा. डिग्री तिची, डोकंही तिचंच. मी सिल्वासाच्या बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं रेघा मारल्या आणि घरी तिच्या बोलण्यावर मान डोलावली. दोन्ही कामं मला बरी जमायची.

सिल्वासातल्या डोकमर्डी वस्तीच्या मागून एक गल्ली नदीकडे उतरते. शिरीष आणि चिकूंनी ती इतकी झाकली आहे की एप्रिलच्या उन्हातही तिथे डोक्याला रुमाल बांधावा लागत नाही. त्या गल्लीत अकरा जुने बंगले आहेत. त्यातले पाच कुणा मेनेझिस नावाच्या माणसाने पोर्तुगीज अमदानीत बांधलेले, जाड भिंतींचे, खोल व्हरांड्यांचे. बाकीचे सहा भास्कर टिपणिसांनी साठच्या दशकात मुंबईहून येऊन बांधले. टिपणिसांची खोड अशी की ते झाड तोडू द्यायचे नाहीत, घरालाच वळसा घालायला लावायचे. दुसरी खोड दारांची. पुढच्या खोलीपासून मागच्या गॅलरीपर्यंत सगळी दारं एका रेषेत, म्हणजे नदीवरचा वारा मागून शिरला की थेट रस्त्यावर निघायचा. या दोघांविषयी सुलभा बोलायला लागली की आमचं जेवण गार व्हायचं. गावात मात्र त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

या अकरा घरांची मोजणी करायची, नकाशे काढायचे आणि ती वारसा यादीत घालायला लावायची, हे सुलभाचं वेड. दहा घरं झाली. अकरावं, गल्लीच्या टोकाचं टिपणिसांचं घर, अर्धं राहिलं. चौदा महिन्यांपूर्वी त्याच घराच्या वरच्या गॅलरीतून पडून ती गेली.

यादी ठरवणाऱ्या समितीची बैठक शुक्रवारी अकरा वाजता होती. नकाशांचा संच पुरा नसेल तर घर यादीत जाणार नव्हतं, आणि यादीत नसलेलं घर पाडायला मालकाला कुणी अडवत नाही. मालक ललितभाईंनी चावी माझ्या हातावर ठेवताना ते सांगूनच टाकलं.

"काका, सुलभाबेनच्यासाठी मी एवढा टाइम थांबलो हां. पण शुक्रवार पछी नाय. आमच्यात कोणी राहतच नाय तिथे. बिल्डरवाळा रोज फोन करते."

"शुक्रवारच्या आत देतो," मी म्हणालो. सोमवार उजाडला होता.

२

घर मोजायला दोन माणसं लागतात. एक टेपची कडी भिंतीशी धरतो, दुसरा टेप ताणून आकडा वाचतो. वाचणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि तो म्हणेपर्यंत धरणाऱ्याने सोडायचं नाही. आमच्यात वाचायचो मी आणि धरायची सुलभा. आर्किटेक्टबाई कडी धरून उभ्या आणि ड्राफ्ट्समन हुकूम सोडतोय, हे बघून मजूर हसायचे. "धरणारा चुकला तर वाचणारा काय दिवे लावणार?" असं म्हणून ती कडी कुणाच्या हातात देत नसे.

तिची आणखी एक पद्धत होती. वापरून वापरून टेपची कडी सैल होते आणि मग माप फसवतं. म्हणून ती कडीशी न धरता दहा सेंटिमीटरच्या खुणेवर चिमटीत धरायची आणि मी प्रत्येक आकड्यातून दहा वजा करायचो. जाड भिंतींच्या घरात हाक पोचत नाही, तेव्हा ती टेपला दोन हलके हिसके द्यायची. धरलंय, वाचा, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं आम्ही असंच बोललो. घरी भांडण झालेलं असेल त्या दिवशी हिसके जरा जोरात यायचे.

ती गेल्यावर मी तीस मीटरचा नवा टेप घेतला आणि दहाचा नियम सोडून दिला. जोडीला चिंधाला बोलावलं. चिंधा शहाद्याकडचा, पन्नाशीचा माणूस. नरोलीच्या एका सूत कारखान्यात वीस वर्षं काढली, तो बंद पडल्यावर किलवणीत गवंडीकाम धरलं. त्याला मी एकच सांगितलं, कडी भिंतीला टेकव आणि हलू नकोस. सोमवारी आम्ही खालचा मजला पुरा केला. बंद घराचा वास होता, वटवाघळांची घाण होती, बाकी काही नाही. जिन्याकडे मी बघितलं नाही.

संध्याकाळी घरी बोर्डावर कागद लावला आणि बेरीज मांडली. दिवाणखाना, जेवणघर, कोठीची खोली, मागची खोली आणि मधल्या भिंती. बाहेरून घेतलेल्या मापापेक्षा चाळीस सेंटिमीटर जास्त येत होते. दोनदा मांडलं, तिसऱ्यांदा मांडलं. मग प्रत्येक खोलीचे कर्ण तपासले, तेव्हा चूक कुठे आहे ते कळलं. चार खोल्या, आणि प्रत्येक खोलीत बरोबर दहा जास्त.

नवा टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितला. टेप खरा होता. मी दिवा मालवला.

३

"चिंधा, तुला दहावर धरायला कुणी सांगितलं?"

मंगळवारी सकाळी फाटकातच मी त्याला धारेवर धरलं. त्याने तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं.

"दहावर? नाही साहेब. तुम्ही कडी सांगेल होती, मी कडीच धरेल होती."

"चारही खोल्यांत?"

त्याने मळणं थांबवलं. मग तंबाखू तशीच मुठीत धरून म्हणाला, "खरं सांगू का? रागवू नका. त्या चार खोल्यांमंधी मी कडी खिळ्याले अडकाडेल होती अन् मांगच्या नळावर जायेल होतो. गरमी लई होती. मले वाटलं, खिळा काय अन् मी काय, एकच."

खिळ्याला अडकवलेली कडी दहा जास्त दाखवत नाही. दाखवलंच तर कमी दाखवते, कारण खिळा भिंतीच्या पुढे असतो. हे मी त्याला सांगितलं नाही. मी स्वतःलाच सांगत होतो की टेप मधे कुठे तरी झोळला असेल, चारही खोल्यांत सारखाच झोळला असेल. कामाच्या चौतिसाव्या वर्षी, तेही रिटायर झाल्यावर, असल्या थापा स्वतःला मारायची वेळ आली होती.

आम्ही कोठीची खोली पुन्हा घेतली. मी चिंधाला खिळा दाखवला, कडी माझ्या डोळ्यांदेखत अडकवली आणि त्याला म्हणालो, "आता तू अंगणात जा. मला दिसेल असा नळाजवळ उभा राहा." मी दिवाणखान्याकडच्या दाराशी येऊन टेप हातात घेतला. खिडकीतून चिंधा दिसत होता, दोन्ही हात कमरेवर. टेप सैल होता, जमिनीवर लोळत होता.

मग तो जमिनीवरून उठला. हळूच, कुणी तरी घाई न करता उचलावा तसा. माझ्या हाताला ताण आला आणि पाठोपाठ दोन हलके हिसके आले.

माझ्या हाताने काय केलं ते सांगतो. डोक्याने काही ठरवायच्या आत हाताने टेप भिंतीशी लावला, अंगठ्याने दाबला आणि तोंडाने आकडा मोठ्याने म्हटला. "तीन पंचेचाळीस." टेप लगेच सैल पडला. आत जाऊन बघितलं तर कडी फरशीवर होती आणि खिळा मोकळा होता. खोलीत कोण असणार? खिडकीला गज आणि दुसरं दार नाही.

कालही आकडा तीन पंचेचाळीसच आला होता. खरा आकडा तीन पस्तीस.

४

आता ती कशी गेली ते सांगावंच लागेल. आजवर मी ते कुणाला नीट सांगितलेलं नाही. केतकीलाही नाही, आमच्या मुलीला. ती पुण्याला असते. तिला एवढंच ठाऊक आहे की कठडा वाळवीने खाल्लेला होता.

त्या दिवशी वरच्या मजल्याचं फक्त एकूण माप राहिलं होतं. सुलभाचा नियम असा की एकूण माप बेरजेने लिहायचं नाही. पुढच्या भिंतीपासून मागच्या कठड्यापर्यंत टेप एका ताणात घ्यायचा. टिपणिसांची तीन दारं एका रेषेत होती म्हणून ते जमण्यासारखं होतं. मी पुढच्या खोलीत, ती मागच्या गॅलरीत. तिसऱ्या दाराची फळी फुगून अडकली होती, वीतभरच उघडायची. सुलभा अंग चोरून पलीकडे गेली आणि मला उजेडाची एक पट्टी तेवढी दिसत राहिली, तिच्यात शिरलेला टेप आणि पलीकडून येणारा तिचा आवाज.

जमिनीवर बाहेरून घेतलेलं माप माझ्या वहीत होतं, सोळा मीटर दहा. म्हणजे तिचे दहा धरून मला सोळा वीस दिसायला हवं होतं. दिसत होतं सोळा सतरा.

"कठड्याला टेकलीस का?" मी ओरडलो.

"टेकलेय!"

"तीन कमी येतायत. थोडं मागे हो."

"अहो, टेकलेय म्हणते ना. वाचा तुम्ही."

"सुलभा, आकडा जमत नाहीये. थोडं मागे. आणखी थोडं."

तीन सेंटिमीटरसाठी. तिच्या शब्दापेक्षा मला वहीतला आकडा खरा वाटला. तीस वर्षांत मी तिला एकदाही चुकलीस म्हटलं नव्हतं आणि त्या दुपारी म्हटलं. तिने नेहमीसारखा स्वतःचाच हेका धरला असता तर बरं झालं असतं. पण ती थकली होती, ऊन होतं, वाद नको म्हणून ती ऐकून गेली. मला लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि टेप हातातून सर्रकन गेला. खाली जोत्याच्या दगडावर ती कमरेवर पडली होती. वापीच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर होती. पाय हलत नाहीत, एवढंच दोनदा म्हणाली.

आकडा मी वाचलाच नव्हता. हे मला त्या मंगळवारी, कोठीच्या खोलीत, हातात टेप धरून उभा असताना पहिल्यांदा लक्षात आलं.

५

बुधवारी चिंधा वर यायला तयार झाला नाही. बागेत थांबतो, हाक मारा, असं म्हणाला. मी एकटाच जिना चढलो. गॅलरीत गेलो. कठड्याचा मधला भाग गेलेला, दोन्ही कडांचे खांब शिल्लक. एका खांबाला मी टेपची कडी दोऱ्याने बांधली, चांगल्या दोन गाठी मारल्या आणि तिसऱ्या दारातून अंग चोरून परत आलो. टेप सोडत सोडत पुढच्या खोलीत पोचलो.

तिथे उभं राहून मी वाट बघितली. घरात आवाज नव्हता. बाहेर शिरिषावर साळुंक्या कलकलत होत्या, लांब नरोलीच्या रस्त्यावर ट्रकचे हॉर्न. मी मनात म्हणत होतो, काही होणार नाही, आणि तरी टेपवरून नजर काढत नव्हतो. म्हणजे मला काय हवं होतं ते तुम्हीच बघा.

टेप उचलला गेला. ताण आला. दोन हिसके.

मी खाली बघितलं. सतरा चाळीस.

वरचा मजला सोळा मीटरचा. त्यापुढे कठडा नाही, फळी नाही, काहीच नाही. मी आकडा पुन्हा बघितला तेव्हा तो सतरा बेचाळीस झाला होता. टेप माझ्या बोटांखालून इतका हळू सरकत होता की तो सरकतोय हे आकड्यावरूनच कळावं.

तेवढ्यात बागेतून चिंधाची हाक आली. ती हाक मला अजून ऐकू येते.

"साहेब! ओ साहेब! टेप बाहीर निंघेल आहे!"

मी टेप हातात धरूनच खिडकीशी गेलो. "कुठे?"

"गॅलरीच्या बाहीर! हवेत! सरळ दोरी ताणेल सारखा, तिकडे नदीकडे..." त्याचा आवाज फाटला. "त्याले कोणीच धरेल नाही, साहेब! सोडा तो! सोडून द्या अन् खाली या!"

मी आकडा म्हटला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. नेहमीसारखा टेप सैल पडला असता. तोंड उघडलंही होतं. पण वाचलं की ती सोडणार, आणि सोडलं की जाणार. मी तोंड मिटलं. टेपची चकती खिडकीच्या गजाला सुतळीने बांधली, टेप हवा तितका सुटत राहील अशी मोकळी ठेवली, आणि खाली आलो. चिंधा फाटकाबाहेर उभा होता, वहाणा हातात घेऊन.

"मी मागे हो म्हटलं होतं रे तिला," मी त्याला म्हणालो. "बस असं म्हटलंच नाही."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. त्याने माझी पिशवी उचलली आणि माझ्यासोबत नाक्यापर्यंत चालत आला.

६

गुरुवार हा चौदा महिन्यांतला माझा सगळ्यात सुखाचा दिवस होता. लाज सोडून सांगतो.

सकाळी सातलाच गेलो. चकती जागेवर होती. आकडा एकवीस साठ. टेप हातात घेतला आणि दोन हिसके आले, वाट बघून कंटाळलेल्या माणसाने द्यावेत तसे, थोडे जोरात. मला हसू आलं. जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ टेकली, टेप बोटांत धरला आणि तिच्याशी बोलत बसलो.

केतकीला बढती मिळाली, ते सांगितलं. तुझ्या कुंडीतला कढीपत्ता मेला, माझ्याच हलगर्जीपणाने, तेही सांगितलं. टिपणिसांच्या घरांवर तू लिहिलेला लेख मी टाईप करून ठेवलाय म्हटलं. ती काही बोलत नव्हती. मात्र बोलणं थांबवलं की थोड्या वेळाने दोन हिसके यायचे. वाचा.

"थांब जरा," मी म्हणायचो. "नीट दिसत नाहीये."

अकराच्या सुमाराला केतकीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात? आवाज घुमतोय."

"साइटवर."

"त्या घरात? बाबा, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं... बरोबर कोण आहे?"

"चिंधा आहे," मी खोटं बोललो.

"उद्या संच देऊन टाका आणि ती चावी परत करा. आईला ते घर वाचवायचं होतं, तुम्ही तिथे राहायला जावं असं नव्हतं."

पोरगी आईवर गेली आहे. मी हो हो म्हणून फोन ठेवला.

दुपारी आकडा चोवीसवर गेला. चारला पंचवीस सत्तर. टेप तीस मीटरचा होता, हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार करत नव्हतो. "थांब," मी दोन-तीनदा म्हटलं, "आता मागे जाऊ नकोस." पण थांब हा शब्द आमच्या कामात नव्हता. ती सरकतच राहिली, माझ्या शब्दावर, चौदा महिन्यांपूर्वीच्या.

निघायच्या वेळी टेप थरथरायला लागला. आधी वाटलं वारा आहे. पण खिडकीबाहेरची चिकूची पानं स्तब्ध होती. ती थरथर मला ओळखीची होती. लांबचं माप असलं आणि मला वाचायला वेळ लागला की सुलभाचा हात भरून यायचा, आणि टेपमधून ते माझ्या बोटांपर्यंत पोचायचं.

मी सुतळी बांधली आणि घरी गेलो. इतकं कळूनही घरी गेलो.

७

शुक्रवारी सात वाजता चिंधा माझ्या दारात उभा होता. मी बोलावलं नव्हतं.

"मले झोप नाही लागली," तो म्हणाला. "साहेब, माझी बायको जाईसन नऊ वरीस झाले. कावेरी नाव होतं. मी तं काहीच धरेल नाही. पण तुम्ही असं नका करू. बाईचा हात भरी आला असेल."

आम्ही दोघं गेलो. तो फाटकाशी थांबला. वर आकडा एकोणतीस पंचवीस होता आणि टेप इतका थरथरत होता की आकडे धूसर दिसत होते. चकतीवर फक्त पाऊण मीटर शिल्लक. त्यापुढे टेपचं टोक चकतीतून निघून जाणार आणि ती ते घेऊन मागे मागे जात राहणार, नदीपलीकडे, कुठवर ते मला माहीत नाही.

मी टेप दोन्ही हातांनी धरला.

"सुलभा," मी ओरडलो, "पुढे ये."

थरथर थांबली.

"पुढे ये गं. माझं चुकलं. पुढे ये."

टेप सैल झाला. मी चकती फिरवायला लागलो. अठ्ठावीस. पंचवीस. बावीस. तिच्या चालीनेच टेप येत होता, मी गुंडाळत होतो आणि रडत होतो. अठरा. सतरा. मग मागच्या गॅलरीतली फळी वाजली, वजन पडल्यावर वाजते तशी.

"कठड्याला टेक," मी म्हणालो. तिथे कठडा नव्हता. तरी ताण आला. दोन हिसके आले.

सोळा सतरा.

या खेपेला मी वहीतला आकडा बघितला नाही. खालच्या भिंतीपेक्षा वरची भिंत तीन सेंटिमीटर आत घेतलेली होती, एवढंच. टिपणिसांनी घेतली होती, आणि ती टेकलेय म्हणत होती तेव्हा टेकलेलीच होती.

"सोळा सतरा!" मी मोठ्याने म्हटलं. "वाचलं, सुलभा. सोड आता."

टेप जमिनीवर पडला. मी तो आकडा लिहिला, दहा वजा केले, खाली रेघ मारली. संच पुरा झाला होता, घर वाचलं होतं. सव्वाआठ वाजले होते. मला वाटलं, ती गेली.

८

घराचं शेवटचं माप झालं की सुलभा माझी वही तपासायला यायची. कडी टाकायची, हात झटकायची आणि खोल्यांतून चालत माझ्यापर्यंत यायची. माझ्या खांद्यावरून वाकून आकडा बघायची, मग "हं" म्हणायची. दहाही घरांत तसंच झालं होतं. आणि त्या सकाळी मी ते विसरलो.

गॅलरीतून आवाज आला. मी आधी त्याला पावलं समजलो. पण पावलं नव्हती. दोन तळहात फळीवर टेकल्याचा आवाज, मग काही तरी जड ओढल्याचा. पुन्हा तळहात. पुन्हा ओढणं. ती चालत येत नव्हती. वापीच्या रस्त्यावर दोनदा सांगितलं होतं तिने मला.

तिसऱ्या दाराची फळी करकरली. उजेडाच्या पट्टीत, दाराच्या कडेला, बोटं आली. डावा हात, करंगळीशेजारी पेन्सिलीच्या शिशाचा डाग. बोटं दाराच्या मुठीजवळ नव्हती. जमिनीपासून वीतभर वर होती.

चौदा महिने मी रोज हीच इच्छा धरली होती, की एकदा, फक्त एकदा ती यावी. त्या इच्छेपायी मी आदला सगळा दिवस तिला ताटकळत ठेवलं होतं. तिथे बसून राहिलो असतो तर ती आली असती, वही बघितली असती, "हं" म्हणाली असती. किंवा मी उठून पुढे गेलो असतो तर तिला एवढं अंतर ओढत यावं लागलं नसतं. नवरा म्हणून मला एवढंच करायचं होतं.

मी वही घेतली आणि पळालो. जिन्यावरून दोनदा घसरलो. मागे तळहात फळीवर पडत होते, थोडे घाईने, मी जातोय हे कळल्यासारखे. खालच्या दाराशी पोचलो, बाहेर आलो, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं. चिंधाने मला धरलं नसतं तर पायरीवरच पडलो असतो.

"काय दिसलं, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो.

अकराच्या बैठकीला संच दिला. समितीने सुलभाच्या नावाने दोन मिनिटं चांगले शब्द काढले. महिन्याभरात फाटकावर पाटी लागली, या वास्तूत कोणताही बदल करण्यास मनाई आहे. ललितभाई कुरकुरले, पण त्यांनी चावी माझ्याकडेच राहू दिली. केतकीला फोनवर बैठकीचं सांगितलं, ती रडली, म्हणाली, आईला किती बरं वाटलं असतं.

रोज संध्याकाळी मी त्या गल्लीतून नदीपर्यंत जातो. फाटकाशी थांबतो. चावी खिशात असते. ती जिन्यापर्यंत आली असेल की अजून पुढच्या खोलीतच असेल, याचा विचार करतो. मी बोलावलं म्हणून ती आली होती. आणि मी बाहेरून कडी घातली.